मखरातले घर

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण मराठी माणसे मोठ्या ऐटीत आपली म्हणून सांगतो. पण माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण (तिचा लेख याच अंकाच्या कन्नड विभागात आहे, तो जरूर वाचा) लगेच म्हणते, "मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु." म्हण एकच, क्रमही तोच, आधी घर आणि मग लग्न. दोन्ही भाषांत शेवटी 'पाहा' असेच सांगितले आहे. मी मात्र गेल्या पावसाळ्यात न पाहिलेले एक घर बांधले, म्हणजे कागदावर बांधले. ते घर अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराबाहेर उभे राहायचे होते, आणि मी बसले होते खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या गावी, पडवीत, डोक्यावर निळी ताडपत्री घेऊन.

ताडपत्रीचे आधी सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचे कळायचे नाही. ऑगस्ट 2019 मधल्या पावसाने बेळगाव जिल्ह्यात काय केले ते वाचकांना नव्याने सांगायला नको. आमच्या घराची मागची मातीची भिंत त्याच आठवड्यात रात्री बसली. माणसे पुढच्या खोलीत होती म्हणून वाचली. भिंत पुढे कशीबशी उभी केली, पण तिच्यावरचे छप्पर तेव्हापासून हलले ते हललेच. काही वासे कुजले, कौले सरकली आणि दरवर्षी मृगाच्या आधी ताडपत्री बांधायची नवी रीत आमच्या घरात सुरू झाली. गवंड्याने मागचा भाग नव्याने करायचा खर्च साडेसहा लाख सांगितला होता. बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला आहेत. साडेसहा लाख हा आकडा आमच्याकडे फक्त बोलण्यात येतो.

माझा चुलत भाऊ, आमचा दादा, मॅडिसनला नोकरीला आहे. जुलै महिन्यात त्याचा फोन आला. त्याने जमीन घेतली होती, पाया घालून झाला होता, आणि वरचा सांगाडा कसा करावा याबद्दल दोन अंदाजपत्रके त्याच्या हातात होती. "तू बी.कॉम. करतेस ना? मग हे जरा तपासून दे. मला वेळ नाही आणि इथला प्रत्येक जण आपलाच माल चांगला सांगतो." मग जरा थांबून तो म्हणाला, "सांगाड्यात जे वाचेल ते आपल्या छपराला पाठवीन. आजोबांना सांग."

हे शेवटचे वाक्य त्याने उच्चारले नसते तर हा लेख झाला नसता.

दोन अंदाजपत्रकांपैकी पहिले तिकडच्या नेहमीच्या पद्धतीचे होते. चिरलेल्या लाकडाचे उभे दांडके सोळा-सोळा इंचांवर ठोकायचे, मध्ये काचलोकरीच्या गाद्या भरायच्या, बाहेरून फळी, आतून जिप्समचा तक्ता. अमेरिकेतली बहुसंख्य घरे अशीच होतात. शिकागोच्या बाजूला 1830 च्या दशकात जाड तुळयांऐवजी बारीक दांडकी आणि भरपूर खिळे वापरून घरे उभी राहू लागली. निष्णात सुताराची गरज कमी झाली आणि तीच पद्धत थोड्या फरकाने आजवर चालू आहे. दुसरे अंदाजपत्रक पॅनेलचे. लाकडाच्या चिपा डिंकाने दाबून केलेल्या दोन फळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला फोमचा जाड थर. असे तयार तक्ते कारखान्यातून दारे-खिडक्या कापून येतात, क्रेनने उचलून एकमेकांत बसवतात, आणि तेच भिंत, तेच खांब, तेच उबदार अस्तर. गंमत म्हणजे या कल्पनेचा जन्म मॅडिसनलाच झाला. तिथल्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेने 1935 मध्ये फळ्यांनाच भार उचलायला लावणाऱ्या भिंतींचे प्रयोग केले. पुढे 1952 मध्ये आल्डेन डाऊ या वास्तुविशारदाने त्यात फोम भरला.

आमचे आजोबा जातिवंत सुतार. आता हात थरथरतो, पण पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांची आढी त्यांच्या हातची आहेत. मी त्यांना दोन्ही पद्धती वाचून दाखवल्या.

"उभं दांडकं केवढं?" त्यांनी विचारले.

"दोन बाय सहा इंच म्हणतात. पण प्रत्यक्षात दीड बाय साडेपाच असतं."

"दोन सांगून दीड देतात?"

मी सांगितले की ओले लाकूड वाळवून, रंधून त्याचे माप घटते आणि नाव मात्र जुनेच राहते, हे सगळ्यांना ठाऊक असते. आजोबांचे समाधान झाले नाही. दीड इंचाच्या दांडक्याला ते खांब म्हणायला तयार नव्हते. "आमच्या ऐनाचा वासा त्याहून जाड हाय." (ऐन म्हणजे इकडे सगळे ज्याला मत्ती म्हणतात तेच झाड. आमच्या घरात लाकडांची नावे कानडीत आणि हत्यारांची मराठीत आहेत. हे असे का, याचा शोध कुणी तरी घ्यावा.)

पॅनेलचे ऐकून तर ते हसायलाच लागले. फोम म्हणजे काय ते विचारले. मी म्हटले, थर्माकोल. यात काही खोटे नव्हते, पॅनेलमध्ये बहुतेक वेळा भरतात तो फोम आणि आपला थर्माकोल एकाच जातीचे. "म्हणजे गणपतीच्या मखराचा? आणि त्या मखरात ह्यो बसणार?" तेव्हापासून दादाचे घर आमच्याकडे 'मखर' झाले.

मखर उभे कसे राहते हे मलाही आधी कळले नव्हते. नुसती फळी वाकते, नुसता थर्माकोल मोडतो. पण दोन फळ्या काही इंच अंतरावर धरून मध्ये थर्माकोल पक्का चिकटवला की एका फळीला ताण आणि दुसरीला दाब बसतो, मधला थर त्यांना सरकू देत नाही. लोखंडी गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्ट्या आणि मधला उभा पत्रा यांचे जे नाते असते तेच. बाबांनी उद्यमबागेत शेडवर घातलेली पत्र्याची पफ पॅनेले पाहिली आहेत, त्यामुळे त्यांना ते पटकन पटले. पण ती इथली पॅनेले लोखंडी सांगाड्यावर नुसती पांघरलेली असतात. दादाची पॅनेले स्वतःच सांगाडा होती.

आता हिशेब. पॅनेलचा माल लाकूड-काचलोकरीपेक्षा 15,300 डॉलरने महाग. क्रेनचे 1,800 वेगळे. उलट सुतारांची मजुरी 6,900 ने कमी आणि घर जास्त उबदार राहणार म्हणून तापवण्याचे यंत्र लहान चालेल, त्यात 2,400 कमी. बेरीज-वजाबाकी करता पॅनेलचे घर 7,800 डॉलरने महाग पडत होते. आजच्या भावाने सात लाखांच्या घरात. तुमच्या लक्षात आले असेल, माझ्याही लगेच आले. आमचे छप्पर साडेसहा लाखांचे.

पॅनेलची बाजू अशी. तिकडच्या नेहमीच्या भिंतीत दारे-खिडक्यांच्या चौकटी, कोपरे, आडवी-उभी दांडकी मिळून भिंतीचा सुमारे चौथा हिस्सा लाकूडच असते. लाकूड हे काचलोकरीपेक्षा कितीतरी लवकर उष्णता बाहेर सोडते. म्हणजे गोधडी पांघरली, पण दर सोळा इंचांवर तिला उभी चीर. गादीवर लेबल असते 19 चे (उष्णता अडवण्याचे ते तिकडचे माप), पण ओक रिज येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने सबंध भिंती तपासल्या तेव्हा तशा भिंतीचे खरे माप 14 च्या आत भरले. पॅनेलमध्ये लाकूड फार थोडे, त्यामुळे लेबल आणि प्रत्यक्ष यांतली तूट कमी. शिवाय फटी कमी. दादाच्या जागेपर्यंत गॅसची नळी नाही, प्रोपेन टाकीत भरून घ्यावा लागतो. वर्षाचे ऊब आणि थंडावा मिळून 2,700 डॉलर धरले होते, त्यात पॅनेलमुळे 400 वाचतील असे अंदाजपत्रकवाल्याचे म्हणणे. मी ते जरा तपासून मान्य केले, सुमारे पंधरा टक्के, फुशारकी वाटावी असे नव्हते.

7,800 ला 400 ने भागले की साडेएकोणीस वर्षे. पण एवढ्यावर थांबेल तो शाळेतला विद्यार्थी. आमचे कॉस्टिंगचे सर फळ्यावर पहिल्या दिवशी लिहितात की आजचा रुपया आणि वीस वर्षांनंतरचा रुपया यांची बेरीज करू नये. दादाचे कर्ज साडेसहा टक्क्यांचे, तीस वर्षांचे. तोच दर धरून पुढच्या तीस वर्षांतले दरसालचे 400 आजच्या किमतीत आणले. प्रोपेनचा भाव तीस वर्षे आहे तिथेच राहील असे मानले तर ते भरतात 5,220 डॉलर. म्हणजे पॅनेल 2,580 ने तोट्यात. भाव दरसाल तीन टक्क्यांनी चढेल असे मानले तर 7,230, तोटा फक्त 570. चार टक्क्यांनी चढला तर 8,150, आणि पॅनेल 350 ने फायद्यात.

म्हणजे सगळे घर प्रोपेनच्या भावाच्या एका अंदाजावर उभे. तो अंदाज करायचा कुणी? मी. खानापूर तालुक्यात बसून, जिला प्रोपेनची टाकी कशी दिसते हेही माहीत नाही.

मी पहिल्यांदा तीन टक्के लिहिले होते. त्या रात्री पाऊस फार होता. ताडपत्रीच्या कोपऱ्यातून पाणी थेट तांदळाच्या डब्यावर पडू लागले, आईने पातेले लावले, आणि त्या टपटपीत मी तीनचा शून्य केला. मनाशी कारणही तयार ठेवले, भविष्याचे कुणी सांगावे, सावध हिशेब बरा. खाली टीप लिहिली: 'इंधनदर स्थिर गृहीत धरला आहे.' हिशेबाच्या दृष्टीने त्यात एकही चूक नव्हती. कुठल्याही परीक्षकाने पूर्ण गुण दिले असते.

दुसऱ्या दिवशी आजोबांना निकाल सांगितला, लाकूड जिंकले. मला वाटले सुताराला आनंद होईल. ते म्हणाले, "मखराचं सांधं कसं करत्यात ते नाही सांगितलंस. दोन तक्त्यांच्या मध्ये पाणी गेलं तर?"

पाऊस वरून फळ्यांनी अडतो, असे मी म्हटले. "वरचं नाही गं. आतलं. चुलीची वाफ कुठं जाईल?"

हा प्रश्न माझ्या रकान्यांत नव्हता. शोधत गेले आणि अलास्काची राजधानी जुनो इथे येऊन पोचले. तिथे पॅनेलची छपरे घातलेल्या घरांत 2001 च्या सुमारास वरच्या फळ्या कुजलेल्या आढळल्या. पाऊस आत शिरला नव्हता. तक्त्यांचे सांधे नीट बुजवले नव्हते, घरातली दमट उबदार हवा त्या फटींतून वर चढत गेली आणि थंड फळीला टेकताच तिचे पाणी झाले. तेव्हापासून सांध्यांत भराव घालून आतल्या बाजूनेही टेप लावा असे तिकडे आग्रहाने सांगतात. म्हणजे अलास्कातल्या सुतारांनी जे घरे कुजल्यावर शिकले ते आजोबांनी पडवीत बसून विचारले होते. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि त्याच क्षणी माझ्या शून्याची लाज वाटली. त्यांना लाकूड जिंकायला हवे होते, छप्परही हवे होते, तरी ते मखराचा सांधा नीट व्हावा म्हणून विचारत होते.

मग मी सगळा कागद पुन्हा केला. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी उत्तम पॅनेलची तुलना साध्या लाकडी भिंतीशी करत होते. ही तुलनाच वाकडी. लाकडी सांगाड्यावर बाहेरून दोन इंच फोमचे अखंड तक्ते लावले तर गोधडीच्या चिरा झाकल्या जातात. दादाला मी तसा भाव विचारायला सांगितला. साध्या सांगाड्यापेक्षा 4,300 जास्त आणि वर्षाची बचत सुमारे 300. भाव तीन टक्क्यांनी चढला तर ही तिसरी भिंत 1,120 डॉलरने फायद्यात, आणि भाव अजिबात चढला नाही तरी तोटा चारशेच्या आतच. तिन्ही वाटांत तीच शहाणी. इतर गोष्टीही लिहिल्या. फोमला आग लवकर लागते म्हणून आतून जिप्समचा तक्ता हवाच. मुंग्या फोम पोखरतात, म्हणून त्यात बोरेट घातलेले आहे का ते विचार. विजेच्या तारांच्या नळ्या कारखान्यातच कापून येतात, मागाहून नवे बटण हवे म्हटले तर भिंत ऐकत नाही. घर इतके बंद होते की हवा बदलायचे यंत्र लागतेच. लाकडाच्या भावाचा भरवसा धरू नको, मे 2021 मध्ये हजार बोर्ड-फुटांचा वायदेभाव 1,600 डॉलरच्या वर गेला होता, वर्षभर आधी तो 400 च्या आत होता. पण चिपांच्या फळ्याही तेव्हा तशाच भडकल्या होत्या, तेव्हा पॅनेलवाल्याने त्यावरून बढाई मारली तर तीही ऐकू नको.

आणि शेवटी एक ओळ लिहिली, जी लिहायला बाकी सगळ्या कागदाहून जास्त वेळ लागला: 'दादा, सांगाड्यात वाचलेले पैसे आमच्या छपराला येणार आहेत, म्हणून पहिल्या खर्ड्यात मी इंधनाचा भाव शून्य टक्क्यांनी चढवला होता. ही तीनही कोष्टके बघ आणि भावाचा अंदाज तू कर.'

तो कागद पाठवण्याआधी मी आमच्या गवंड्याला दाखवला होता. ते बैलहोंगलकडचे, मराठी समजतात पण उत्तर कानडीतच देतात. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "लेक्का बरोबर ऐति. मनि निल्तैतेनु?" हिशेब बरोबर आहे, घर उभे राहील का? मी म्हटले, ते दादाचा गवंडी बघेल.

चार दिवसांनी दादाचा फोन आला. माझ्या त्या ओळीबद्दल तो काहीच बोलला नाही, नुसते "वाचलं" म्हणाला. मग म्हणाला की त्याने पॅनेल ठरवले. मी चकित. माझ्या कागदात तिसरी भिंत जिंकली होती!

"सुतार डिसेंबरच्या आधी मोकळे नाहीत," तो म्हणाला. "तोवर बर्फ सुरू होईल, काम रेंगाळेल. पॅनेलवाला ऑक्टोबरअखेर तक्ते आणून उभे करतो म्हणतोय. सुतारांची वाट बघितली तर राहायला जायला चार महिने उशीर. इथं आमचं भाडं महिन्याला एकोणीसशे."

एकोणीसशे चोक सात हजार सहाशे.

माझ्या कागदावर भाड्याचा रकानाच नव्हता. तीस वर्षांचा प्रोपेन मी दोन दशांशांपर्यंत मोजला होता, आणि चार महिन्यांचे घरभाडे विसरले होते, कारण आमच्या घरात कुणी कधी भाडे भरलेले नाही. सरांना हे सांगितले तेव्हा ते पाच मिनिटे हसत होते आणि मग म्हणाले, परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत म्हणून मी पास होईन.

छपराचे पैसे अर्थातच आले नाहीत. दादा 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणाला, आणि तो म्हणतो ते करतो, पण पुढचे वर्ष म्हणजे आणखी एक पावसाळा. आई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. शून्याची गोष्ट तिला कळली होती, आणि ती मी खोडायला नको होती असे तिला वाटत होते की काय, हे मी विचारले नाही. तिच्या तांदळाच्या डब्यावर पाणी पडत होते.

दिवाळीनंतर बाबांनी सोसायटीतून एक लाख नव्वद हजार काढले. तेवढ्यात सबंध छप्पर होत नाही, पण आजोबा म्हणाले, सबंध कशाला? सगळी कौले उतरवली. खानापूरचीच कौले, मी मोजून फुटकी वेगळी लावली. वासे अंगणात ओळीने मांडले आणि आजोबा खुर्ची सरकवत प्रत्येकावर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. मी वहीत लिहीत होते. गवंड्याने नवे धरलेले एकतीस वासे होते, त्यांतले आजोबांच्या कानाने अकराच बाद केले.

त्याच दुपारी दादाचा फोटो आला. मखर उभे राहिले होते. भिंती चढल्या होत्या, छताचे तक्ते बसले होते, आतून सांध्यांवर रुंद पट्टी चिकटवलेली स्पष्ट दिसत होती. खाली त्याने लिहिले होते, 'आजोबांना दाखव.' आजोबांनी चष्मा पुसला, माझ्या हातातून फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ इकडून तिकडे सरकवत राहिले. मग एका ठिकाणी नख टेकवले, जिथे छताचा तक्ता भिंतीला मिळतो तिथे.

"हा कोपरा राहिलाय बघ. त्याला आत्ताच्या आत्ता कळव."

मी त्यावर तांबडे वर्तुळ काढून फोटो परत पाठवला. तिकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले असतील.